डिजिलॉकरमध्ये सरकारी कागदपत्रे कशी आणावीत: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

केंद्र सरकारचे डिजिलॉकर हे अ‍ॅप 2015 साली सुरू झाले. आधार, पॅन, वाहन चालवण्याचा परवाना, दहावी-बारावीची गुणपत्रिका, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला असे बरेच कागद आज त्यातून मोबाइलवर आणता येतात. तरीही आमच्या वसाहतीत आणि नात्यागोत्यात ज्यांना हे अ‍ॅप लावून देण्याचे काम माझ्याकडे आले, त्यांच्यापैकी बहुतेकांची गाडी त्याच दोन-तीन ठिकाणी अडलेली मी पाहिली. बटण कुठले दाबायचे, हे कोणीही दहा मिनिटांत शिकते. खरी अडचण येते ती आपल्या नोंदींमुळे, कारण अ‍ॅप स्वतः कुठलाही कागद तयार करत नाही. निरनिराळ्या खात्यांकडे आपल्या नावाने जे लिहिलेले आहे, तेवढेच ते आणून दाखवते. म्हणून या लेखात मी अ‍ॅप उघडण्याआधीच्या तयारीवर अधिक भर दिला आहे.

मोबाइलवर दाखवलेला कागद खरोखर चालतो का, ही शंका पुष्कळांना असते. तिचे उत्तर नियमातच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली डिजिटल लॉकरसाठी 2016 मध्ये नियम झाले आणि फेब्रुवारी 2017 मध्ये त्यांत 9अ हा नियम घालण्यात आला. त्यानुसार संबंधित खात्याने डिजिलॉकरमधून दिलेला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. मात्र "खात्याने दिलेला" हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. त्यांचा अर्थ पाचव्या पायरीत सविस्तर सांगितला आहे.

हाताशी काय असावे

- आधार क्रमांक, आणि आधारला जोडलेले सिमकार्ड ज्यात चालू आहे तो फोन.
- पॅन कार्ड, वाहन परवाना, आरसी बुक आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका. यांच्यावरचे क्रमांक अ‍ॅपमध्ये जसेच्या तसे टाकावे लागतात, म्हणून मूळ कागद समोर ठेवावेत.
- "आपले सरकार" पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून पूर्वी काढलेले दाखले. त्यांच्यावरील बारकोडचा क्रमांक लागतो.
- एक कोरा कागद आणि पेन. प्रत्येक कागदावर नाव आणि जन्मतारीख कशी छापली आहे, हे त्यावर एकाखाली एक लिहून काढायचे आहे.

1. आधारला कोणता मोबाइल क्रमांक जोडला आहे, ते आधी पाहा

डिजिलॉकरचे खाते उघडताना आणि पुढेही अनेक ठिकाणी ओटीपी येतो, आणि आधारच्या पडताळणीचा ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावरच येतो. हातातल्या फोनचा क्रमांक वेगळा असेल, तर तिथे त्याचा काही उपयोग होत नाही. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आधार पडताळून पाहण्याची सोय आहे. तिथे आधार क्रमांक टाकल्यावर वयोगट, राज्य आणि जोडलेल्या मोबाइल क्रमांकाचे शेवटचे तीन अंक दिसतात. त्या तीन अंकांवरून क्रमांक कोणता, हे बहुधा ओळखता येते.

आधार काढताना सेतू केंद्रातल्या माणसाचा, शेजाऱ्याचा किंवा त्या वेळी घरात असलेल्या एकमेव फोनचा क्रमांक दिला गेला, असे आपल्याकडे सर्रास घडलेले आहे. काहींनी दिलेला क्रमांक नंतर रिचार्जअभावी बंद पडला. बंद पडलेला क्रमांक कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला देऊन टाकते, आणि मग तुमच्या आधारचा ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतो. त्यामुळे जुना क्रमांक तसाच राहू देणे ही केवळ गैरसोय उरत नाही, ती सुरक्षिततेची बाब होते.

क्रमांक बदलायचा असेल तर आधार सेवा केंद्रात किंवा बँक व पोस्टातल्या आधार केंद्रावर जावे. यासाठी कोणताही पुरावा लागत नाही, बोटांचे ठसे पुरतात. ऑक्टोबर 2025 पासून या बदलाचे शुल्क 75 रुपये आहे. केंद्रात मिळणारी पावती जपून ठेवावी, कारण तिच्यावरच्या क्रमांकावरून अर्ज कुठवर आला ते पाहता येते. बदल त्याच दिवशी दिसेलच असे नाही. म्हणून प्रवेशाची किंवा शिष्यवृत्तीची मुदत तोंडावर आल्यावर हे काम काढू नये.

घरातल्या प्रत्येकाच्या आधारला शक्य तो त्याचा स्वतःचा क्रमांक जोडावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आई-वडिलांच्या आधारला मुलाचा क्रमांक जोडलेला असतो, मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरीला असतो, आणि गावी बँकेच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या वडिलांना ओटीपीसाठी त्याला फोन लावत बसावे लागते. मुलगा मीटिंगमध्ये असेल तर तेवढ्यात ओटीपीची वेळ संपते. परदेशी जाणाऱ्यांनीही आपले भारतातले सिम रोमिंगसह चालू राहील अशी व्यवस्था निघण्यापूर्वीच करावी.

2. नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकसारखी आहे का, ते तपासा

ही पायरी पुष्कळजण गाळतात आणि पुढे "नोंद जुळत नाही" असा संदेश आला की अ‍ॅपला दोष देतात. डिजिलॉकर पॅन किंवा परवाना आणताना तुमच्या खात्यातले, म्हणजे आधारवरचे, नाव त्या खात्याच्या नोंदीतल्या नावाशी ताडून पाहते. नोंदीत फरक असेल तर कागद येत नाही.

महाराष्ट्रात हा फरक पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी लिहिले जाते, तर आधारवर बहुतेकांचे स्वतःचे नाव आधी असते. मधले नाव, म्हणजे वडिलांचे किंवा पतीचे, एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर आणि तिसऱ्यावर अजिबातच नाही, असेही असते. वडिलांच्या नावापुढे एका ठिकाणी "राव" आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही, आईच्या नावापुढे "बाई" कधी लागलेले, कधी गळलेले. एकीकडे दत्तात्रय, दुसरीकडे दत्तात्रेय. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ तर याहून मोठा आहे, कारण "श्री"चा शेवट कोणी "आय"ने करते तर कोणी दोन "ई"ने, आणि मराठीत वाचताना दोन्ही नावे एकच वाटत असल्यामुळे हा फरक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातच येत नाही. विवाहित स्त्रियांच्या कागदांत तर बहुधा दोन नावे असतातच: शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा, आणि पॅन लग्नाआधी काढलेले असेल तर तेही माहेरच्या नावाचे.

जन्मतारखेचेही तसेच आहे. एका विशिष्ट वयाच्या पुढच्या माणसांच्या शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही तारीख मोठ्या प्रमाणावर आढळते, कारण शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणाला ठाऊक नसे आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असे. त्याच व्यक्तीच्या आधारवर फक्त जन्माचे साल असते किंवा 1 जानेवारी असते. वर सांगितलेल्या कोऱ्या कागदावर ही नावे आणि तारखा एकाखाली एक लिहून काढल्या की फरक चटकन डोळ्यांत भरतो. आमच्या एका शेजारीण काकूंचा परवाना काही केल्या येत नव्हता. कागदावर सगळे मांडून पाहिले तेव्हा आधारवर त्यांचे मधले नाव पूर्ण होते आणि परवान्यावर नुसते आद्याक्षर होते, एवढाच फरक निघाला.

फरक सापडला तर कोणता कागद प्रमाण धरायचा, हे आधी घरात बसून ठरवावे. ज्यांच्याकडे दहावीचे प्रमाणपत्र आहे त्यांनी ते प्रमाण धरावे आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्यावेत, असे माझे मत आहे, कारण मंडळाच्या नोंदीत बदल करून घेणे सर्वांत कठीण असते आणि नोकरी, पासपोर्ट, उच्च शिक्षण या सगळ्या ठिकाणी ते प्रमाणपत्र मागितले जाते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र तयार ठेवावे. ज्यांचे नाव मुळातूनच बदललेले आहे, त्यांना महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो.

दुरुस्तीचा क्रम आधी आधार, मग पॅन, मग परवाना असा ठेवावा. आधार नीट झाले की पॅनची दुरुस्ती आधारच्या आधारे कागद न पाठवताही करता येते. परवान्याची दुरुस्ती परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करून होते. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. केंद्रावर माहिती भरणारा माणूस शेवटी पडद्यावरचा मजकूर दाखवतो किंवा पावती देतो, तेव्हा घाई न करता नावाचे प्रत्येक अक्षर, इंग्रजी आणि मराठी दोन्हींतले, वाचून मगच होकार द्यावा.

3. खरे अ‍ॅपच उतरवून घ्या

प्ले स्टोअर किंवा अ‍ॅपल स्टोअरमध्ये डिजिलॉकर असे शोधल्यावर त्याच धर्तीच्या नावांची इतर अ‍ॅपही दिसतात. अ‍ॅप उतरवण्यापूर्वी निर्मात्याचे नाव पाहावे. तिथे भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा किंवा त्याच्या नॅशनल ई-गव्हर्नन्स डिव्हिजनचा उल्लेख असायला हवा. संगणकावर काम करायचे असेल तर पत्ता डिजिलॉकर डॉट जीओव्ही डॉट इन असा आहे, आणि शेवटचे "जीओव्ही डॉट इन" हे सरकारी संकेतस्थळाचे लक्षण आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी अ‍ॅपची फाइल पाठवली, मग ती ओळखीच्या माणसाकडून आलेली का असेना, तर ती उघडू नये. "तुमच्या गाडीवर दंड झाला आहे, पावती पाहण्यासाठी हे अ‍ॅप घ्या" अशा संदेशासोबत आलेल्या फाइली उघडून लोकांची बँक खाती रिकामी झालेली आहेत. अशी फाइल एकदा फोनमध्ये गेली की ती ओटीपीचे संदेश वाचू शकते, आणि पुढे त्या माणसाच्या ओळखीतल्यांना त्याच्याच नावाने पाठवलीही जाते.

4. खाते उघडा

अ‍ॅप उघडून नवे खाते काढण्याचा पर्याय निवडला की नाव, जन्मतारीख, लिंग, मोबाइल क्रमांक, ईमेल, आधार क्रमांक आणि सहा अंकी पिन विचारला जातो. नाव आणि तारीख आधारवर आहे तशीच टाकावी. त्यानंतर येणारा ओटीपी टाकला की खाते तयार होते.

सहा अंकी पिन म्हणून जन्मतारीख किंवा मोबाइलचे शेवटचे अंक ठेवू नयेत, आणि तोच पिन यूपीआयसाठीही वापरू नये. घरात कोणी ज्येष्ठ असतील तर त्यांचा पिन त्यांनी स्वतः ठरवावा आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवावा. फोनच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर तो लिहू नये. सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात कोणी खाते उघडून दिले असेल, तर पिन त्यांनाही ठाऊक असतो, म्हणून घरी आल्यावर तो बदलून घ्यावा.

एका आधारवर एकच खाते उघडता येते. "हा आधार क्रमांक आधीच जोडलेला आहे" असा संदेश आला तर घाबरू नये. शाळेने, महाविद्यालयाने किंवा केंद्रचालकाने पूर्वी तुमचे खाते उघडलेले असण्याची शक्यता असते. नवीन खाते काढण्याच्या मागे न लागता आधार क्रमांकाने प्रवेश करावा आणि पिन विसरल्याचा पर्याय निवडून तो नव्याने ठरवावा.

5. कागद आणा, आणि "इश्यूड" व "अपलोडेड" यांतला फरक समजून घ्या

डिजिलॉकरमध्ये कागद दोन ठिकाणी दिसतात. "इश्यूड" या भागात येतो तो कागद संबंधित खात्याच्या नोंदीतून थेट आलेला असतो. आयकर विभाग पॅन देतो, परिवहन मंत्रालय परवाना देते, मंडळ गुणपत्रिका देते, आणि असाच कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो. "अपलोडेड" हा भाग तुमच्या स्वतःच्या साठवणीसाठी आहे. तुम्ही फोटो काढून किंवा स्कॅन करून जे ठेवता ते तिथे राहते, आणि त्यासाठी 1 जीबी जागा मिळते. कागद हरवू नये म्हणून ही सोय चांगली आहे, पण तिथल्या कागदाला मोबाइलमधल्या फोटोपेक्षा जास्त किंमत नाही. 2018 मध्ये रेल्वेने प्रवासात ओळखपत्र म्हणून डिजिलॉकरमधील आधार आणि परवाना मान्य केला, तेव्हाही फक्त "इश्यूड" भागातला कागद चालेल आणि स्वतः अपलोड केलेला चालणार नाही, असे स्पष्ट केले होते.

आपल्या डिजिलॉकरमध्ये "सगळे कागद आहेत" असे समजणारे अनेकजण प्रत्यक्षात फोटो अपलोड करून थांबलेले असतात. तुम्ही खाते आधीपासून वापरत असाल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी एवढे पाहून घ्या.

कागद आणण्यासाठी शोधाच्या चौकटीत त्याचे नाव टाकावे, देणारे खाते निवडावे आणि विचारलेला क्रमांक भरावा. काही कागदांबद्दल वेगळे सांगायला हवे.

आधार: खात्याला आधार जोडला की तो ओटीपी देऊन आणता येतो. त्यावर दिसते ती माहिती आधार प्राधिकरणाकडची ताजी माहिती असते, म्हणून पत्ता बदलल्यानंतर तो पुन्हा आणून घ्यावा. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हेही लक्षात ठेवावे. भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी 2024 मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळला. त्या कामासाठी जन्माचा दाखला किंवा शाळेचे प्रमाणपत्र काढून ठेवावे.

पॅन: पॅन क्रमांक टाकावा. नाव जुळले तर लगेच येते. न जुळल्यास पुन्हा पुन्हा प्रयत्न करून काही साधत नाही, दुसऱ्या पायरीकडे परतावे.

वाहन परवाना: महाराष्ट्रातल्या परवान्याचा क्रमांक "एमएच", मग कार्यालयाचे दोन अंक, मग परवाना मिळाल्याचे साल आणि शेवटी सात अंक असा असतो. क्रमांक टाकताना मधली जागा किंवा आडवी रेघ चुकल्यामुळे नकार येतो, म्हणून चौकटीखाली दिलेला नमुना पाहून तसाच भरावा. ज्यांच्याकडे जुना पुस्तकी परवाना आहे, त्यांची नोंद संगणकात चढलेलीच नसण्याची शक्यता मोठी असते. तसे असेल तर अ‍ॅपमध्ये काहीही करून तो येणार नाही. ज्या आरटीओने परवाना दिला तिथे मूळ पुस्तक घेऊन जावे आणि जुनी नोंद संगणकात चढवून देण्याची विनंती करावी. तिथे याला "बॅकलॉग एंट्री" म्हणतात आणि हा शब्द वापरला की खिडकीवर काम चटकन कळते.

आरसी: गाडीचा क्रमांक आणि चासी क्रमांक लागतो. गाडी सेकंडहँड घेतलेली असून नावावर करून घेतली नसेल, तर ती तुमच्या खात्यात येणार नाही. अशा गाडीची नावनोंदणी बदलून घेणे हे डिजिलॉकरपेक्षाही अधिक तातडीचे काम आहे.

गुणपत्रिका: महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांसाठी बैठक क्रमांक आणि परीक्षेचे वर्ष लागते. अलीकडच्या वर्षांच्या गुणपत्रिका सहज येतात. खूप जुन्या वर्षांच्या बाबतीत मात्र मूळ कागद हाच आधार मानून तो जपावा. विद्यापीठांच्या पदव्या राष्ट्रीय शैक्षणिक कोषागाराच्या व्यवस्थेतून येतात. पदवी दिसत नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चौकशी करावी, कारण ती तिथे चढवणे हे विद्यापीठाचे काम आहे.

मतदार ओळखपत्र: निवडणूक आयोगाने 25 जानेवारी 2021 पासून डिजिटल मतदार ओळखपत्र सुरू केले. ते आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवरून किंवा अ‍ॅपवरून उतरवता येते. मतदार यादीत मोबाइल क्रमांक नोंदलेला नसेल तर नमुना 8 भरून तो जोडावा.

6. तहसीलचे दाखले आधी "आपले सरकार"वर काढावे लागतात

उत्पन्न, अधिवास, जात, नॉन-क्रिमिलेअर हे दाखले डिजिलॉकरमध्ये "निघत" नाहीत. ते आधी महसूल विभागाकडून मंजूर व्हावे लागतात आणि मगच बारकोड क्रमांकाने डिजिलॉकरमध्ये आणता येतात. अर्ज करण्याची जागा म्हणजे महाराष्ट्र शासनाचे "आपले सरकार" हे पोर्टल. घरून करायचे नसेल तर आपले सरकार सेवा केंद्र आहेच.

घरून अर्ज करताना सर्वांत जास्त वेळ जातो तो फोटो आणि कागद योग्य मापात बसवण्यात. फोटो 160 पिक्सेल रुंद, 200 ते 212 पिक्सेल उंच आणि 5 ते 20 केबी एवढा लागतो. बाकीचे कागद 75 ते 500 केबी यांच्या दरम्यान लागतात. मोबाइलने काढलेला फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो, त्यामुळे अर्ज भरायला बसण्यापूर्वीच सगळे कागद लहान करून एका फोल्डरमध्ये, कागदाचे नाव देऊन, ठेवावेत. लहान करताना अक्षरे पुसट झाली तर अर्ज त्रुटीत निघतो, म्हणून प्रत्येक फाइल उघडून शिक्का आणि सही वाचता येते का, ते पाहावे.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, स्वयंघोषणापत्र आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. नोकरदारांना फॉर्म 16 किंवा वेतनाचे प्रमाणपत्र चालते, शेतकऱ्यांना सातबारा आणि तलाठ्याचा अहवाल लागतो. या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनच्या प्रवेशाला उपयोगी पडत नाही, हे पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावे. तहसीलमध्ये सादर करायच्या अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. त्यामुळे 500 रुपयांचा स्टँप पेपर आणायला कोणी सांगितले, तर तो कोणत्या नियमाने लागतो ते नम्रपणे विचारावे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरवून दिलेली आहे आणि ती पोर्टलवर सेवेच्या नावासमोरच दिसते. मुदत उलटली किंवा अर्ज कारण न देता नाकारला गेला, तर त्याच पोर्टलवरून प्रथम अपील करता येते. अपिलासाठी 30 दिवसांची मुदत आहे, वकील लागत नाही आणि कारण दोन ओळींत लिहिले तरी पुरते. लोक एजंटाकडे जातात, पण अपिलाचे बटण दाबायला कचरतात, याचे मला फार वाईट वाटते. हा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सातबाऱ्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर महाभूमीच्या संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. सरकारी आणि बँकेच्या कामासाठी 15 रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा.

7. कागद दाखवताना आणि देताना

रस्त्यावर वाहतूक पोलिसांनी परवाना मागितला तर अ‍ॅप उघडून "इश्यूड" भागातला परवाना दाखवावा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट 2018 मध्येच सर्व राज्यांना डिजिलॉकर आणि एमपरिवहन या अ‍ॅपमधील परवाना व आरसी मान्य करण्यास कळवले आहे. स्क्रीनशॉट दाखवू नये, त्यामुळे विनाकारण वाद होतो. घाटात किंवा आडगावी नेटवर्क मिळत नाही, म्हणून लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी कागदाची पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवावी.

बँकेत किंवा कार्यालयात पीडीएफ दिली की काही वेळा "यावर सहीच नाही" किंवा "सहीवर प्रश्नचिन्ह दिसते" असे ऐकावे लागते. डिजिटल सही असलेली फाइल साध्या मोबाइल अ‍ॅपमध्ये उघडली तर सही तपासली जात नाही, आणि त्यामुळे ते चिन्ह दिसते. तीच फाइल संगणकावर अ‍ॅडोबीच्या रीडरमध्ये उघडून सहीवर उजवे क्लिक करून ती वैध ठरवून घेतली की हिरवी खूण येते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो: आधारवरील नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे, सगळी मोठ्या लिपीत, आणि त्यांना जोडून जन्माचे साल.

लॉज, झेरॉक्सचे दुकान, सिमकार्डचे दुकान अशा ठिकाणी पूर्ण आधार देण्याची गरज नसते. फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे "मास्क्ड" आधार त्याच संकेतस्थळावरून मिळते, तेच द्यावे.

एखादे दुसरे अ‍ॅप किंवा संकेतस्थळ डिजिलॉकरमधून कागद मागते, तेव्हा संमतीचा पडदा उघडतो. कोणते कागद, कशासाठी आणि किती काळासाठी मागितले आहेत, हे त्यावर लिहिलेले असते. पूर्ण वाचूनच परवानगी द्यावी, आणि जो कागद कामाशी संबंधित नाही त्याच्यापुढची खूण काढून टाकावी.

8. उमंग अ‍ॅप कधी लागते

कागदापेक्षा सेवा हवी असेल तेव्हा उमंग वापरावे. नोव्हेंबर 2017 मध्ये सुरू झालेल्या या अ‍ॅपमध्ये मराठी भाषा निवडता येते. पीएफचे पासबुक पाहणे, पीएफचा दावा करणे आणि निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला ही कामे तिथे होतात. प्रवेशासाठी डिजिलॉकरचे खाते वापरता येते, त्यामुळे वेगळा पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही.

9. खाते सुरक्षित ठेवा

कोणत्याही सरकारी कार्यालयातून ओटीपी किंवा पिन विचारण्यासाठी फोन येत नाही. "तुमचे आधार बंद होणार आहे" अशी भीती घालणारा फोन आला तर तो बंद करावा आणि शंका असल्यास आधारच्या 1947 या क्रमांकावर स्वतः फोन करून विचारावे. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. आधारचा वापर फारसा करावा लागत नसेल, तर आधार प्राधिकरणाच्या अ‍ॅपमधून बोटांच्या ठशांना कुलूप घालून ठेवता येते. मात्र रेशन दुकानात किंवा बँक मित्राकडे अंगठा लावायचा असेल तेव्हा ते आधी उघडावे लागते, म्हणून ज्येष्ठांच्या बाबतीत त्यांना विचारूनच हा निर्णय घ्यावा. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसते, आणि आपले नसलेले कार्ड तिथूनच कळवता येते.

फोन विकताना किंवा दुरुस्तीला देताना डिजिलॉकरमधून बाहेर पडून अ‍ॅप काढून टाकावे. कागद खात्यात असल्यामुळे ते जात नाहीत, नव्या फोनवर त्याच क्रमांकाने आणि पिनने पुन्हा मिळतात. मोबाइल क्रमांकच बदलणार असेल, तर जुने सिम बंद करण्यापूर्वी नवा क्रमांक आधी आधारला, मग डिजिलॉकरला, मग बँकेला जोडून घ्यावा, आणि तिन्ही ठिकाणी नव्या क्रमांकावर ओटीपी येतो याची खात्री झाल्यावरच जुने सिम काढावे.